ती पडद्यावर, मी ओट्याशी

गेल्या रविवारी आमच्याकडे भिशी होती. आता भिशी म्हणजे नुसतं निमित्त. पैसे किती जमतात नि कुणाला लागतात याचं आम्हाला काही वाटेनासं झालंय. चाळीस वर्षांपूर्वी शिरगावात एकमेकींच्या आधाराने संसार मांडलेल्या आम्ही पाच जणी महिन्यातून एकदा भेटतो, एवढंच खरं. गुडघे, साखर, सुनांच्या नोकऱ्या आणि नातवंडांचे मार्क हे चार विषय झाले की मग कुणीतरी म्हणतं, “आठवतं का ग?” आणि खरी भिशी तिथून सुरू होते.

या वेळी “आठवतं का ग” माझ्या नातीने म्हणायला लावलं. ती कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली होती. एकदम माझ्यापुढे मोबाइल धरून म्हणाली, “आजी, ही बघ! केवढं मोठं कुंकू, आणि गाणं बघ कसलं गातेय!”

पाचही जणींनी माना पुढे केल्या. भरजरी कांजीवरम, केसांत गजरा, हातभर बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की भांड्यांच्या फळीवरचे पेले थरथरावेत.

“अगं बाई, ही तर उषा! उषा उथुप!” वरच्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या. “आठवतं का ग तो एकतीस डिसेंबरचा कार्यक्रम? हिच्याच घरात बसून पाहिला होता आपण.”

झालं. जो तो आठवायला लागला.

“जांभळी साडी नेसली होती. हिरवा काठ.”

“छे! लालभडक होती. मी नंतर लग्नसराईत तश्शीच घेतली होती, आठवत नाही?”

“मोरपंखी ग. मला अजून डोळ्यांपुढे दिसते.”

नात हसू दाबत ऐकत होती. तिने हळूच विचारलं, “आजी, तेव्हा तुमचा टी.व्ही. कलर होता?”

सगळ्या गप्प. मग एकदम हशा पिकला. कारण आमचा टी.व्ही. काळा-पांढरा होता! चाळीस वर्षं प्रत्येकीने आपापल्या मनातल्या रंगाची साडी उषा उथुपला नेसवली होती.

“तू सांग,” मास्तरीणबाई माझ्याकडे वळल्या. “तुझं घर, तुझा टी.व्ही. तुला काय आठवतं?”

मी सहज बोलून गेले, “मला काय आठवणार? मी कुठे पाहिला तो कार्यक्रम? मी चहा करत होते.”

हशा थांबला. मी काही तक्रार म्हणून बोलले नव्हते हो. पण बोलल्यावर माझं मलाच जाणवलं की हे मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलंच नव्हतं.

त्या रात्रीची हकीकत आज तुम्हाला सांगते.

आम्ही शिरगावात राहायला आलो ते १९७९ साली. आज बदलापूर पूर्वेला उतरलात तर इमारतींच्या गर्दीत शिरगाव कुठे सुरू होतं नि कुठे संपतं ते कळत नाही. तेव्हा तसं नव्हतं. मोजक्या दोन मजली इमारती, बाकी बैठी घरं, मध्ये भाताची खाचरं. पावसाळ्यात बेडकांच्या आवाजाने झोप लागत नसे. कुठलीही वस्तू हवी तर कुळगावच्या बाजारात जायचं, आणि जरा मोठी वस्तू हवी तर लोकल पकडून कल्याण. आमचे हे अंबरनाथला कारखान्यात. कधी पहिली पाळी, कधी तिसरी. घरात सासूबाई, मोठा मुलगा आणि धाकटी तान्ही मुलगी.

१९८३ च्या दिवाळीत ह्यांच्या बोनसमध्ये थोडी भर घालून, बाकीचे हप्ते करून आम्ही टी.व्ही. घेतला. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. २ ऑक्टोबर १९७२ ला ते सुरू झालं. रंगीत प्रक्षेपणही १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी आलं होतं. पण रंगीत संच म्हणजे आमच्या ऐपतीबाहेरची गोष्ट. आमचा संच लाकडी पेटीचा, पुढे सरकतं दार, दाराला कुलूप. किल्ली सासूबाईंच्या कमरेला, कपाटाच्या किल्लीशेजारी. वर क्रोशाचा रुमाल मी स्वतः विणलेला, बाजूला स्टॅबिलायझर, आणि गच्चीवर अँटेना. वरळीचा मनोरा चांगला तीनशे मीटर उंच खरा, पण आमच्याकडे चित्र पोचेपर्यंत ते दमून येई. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग मुलगा गच्चीवर, हे खिडकीत, आणि “आलं का?”, “गेलं!”, “आता?”, “थोडं उजवीकडे!” असा तिन्हीसांजेचा आरडाओरडा. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको.

आमच्या इमारतीतला तो पहिलाच टी.व्ही. पहिल्या टी.व्ही.चं घर म्हणजे काय असतं, तेही तुम्हाला ठाऊक असेल. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी चित्रपट, मध्ये छायागीत. दारात चपलांचा ढीग. मुलं पुढे सतरंजीवर, बायका मागे चटईवर, पुरुष खुर्च्यांवर आणि उंबऱ्यावर. कुणाला “येऊ नका” म्हणायचं कसं? आणि आलेल्याला कोरडं कसं बसवायचं? सासूबाईंचा शिरस्ता असा की दारी आलेला माणूस पाण्यावर परत जाता कामा नये. तेव्हा माझ्या वाट्याला दर आठवड्याला दोनदा चहाचं भांडं. दुधाचा रतीब अर्ध्या लिटरने वाढला, साखरेचं रेशन महिन्याच्या वीस तारखेला संपू लागलं. पण खरं सांगू? मला त्याचं वाईट वाटत नसे. घरात माणसं आहेत, घर भरलेलं आहे, याचा तेव्हा अभिमानच वाटे.

अशात तो एकतीस डिसेंबर आला. धाकटी तेव्हा आठ महिन्यांची होती, म्हणून मला नेमका आठवतो. दूरदर्शनवर वर्ष संपतानाचा खास कार्यक्रम असे. गाणी, नकला, नाच, आणि बारा वाजता “नवीन वर्षाच्या शुभेच्छा”. आपण मध्यमवर्गीयांनी रात्री बारापर्यंत जागायचं ते एक महाशिवरात्रीला, नाहीतर कोजागरीला. एकतीस डिसेंबरला जागायचं असतं हे आपल्याला टी.व्ही.ने शिकवलं.

त्या वर्षी उषा उथुप गाणार अशी कुणकुण पोरांनी आणली होती. त्यावर उंबऱ्यावर बसणाऱ्या मंडळींत बरीच चर्चा झाली. “हॉटेलात गाणारी बाई ती. पॉप का काय ते. बायकामुलांत बसून कसं बघायचं?” सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण किल्ली कमरेलाच राहिली तेव्हा आम्ही ओळखलं की निकाल अजून लागायचा आहे.

साडेनऊपासून माणसं जमायला लागली. डिसेंबरात आमच्याकडे मुंबईपेक्षा चांगलीच थंडी पडते. कुणी शाल, कुणी मुलांना घोंगडीत गुंडाळून आणलेलं. मी मोजलं तर लहान मुलं सोडून बावीस माणसं. गॅसवर मोठं पातेलं, स्टोव्हवर दुसरं. दूध पुरणार नाही हे दिसतच होतं. समोरच्या वहिनींकडून तांब्याभर आणलं. धाकटीला दुपट्यात बांधून आतल्या खोलीत निजवली. आणि टी.व्ही.चं दार सरकल्याचा आवाज आला.

पुढचं जे आहे ते मी ऐकलेलं आहे, मैत्रिणींनो. पाहिलेलं नाही.

आधी नकला झाल्या. मग निवेदिकेचा आवाज. आणि मग बाहेर एकदम शांतता पसरली. एवढी की स्टोव्हचा फरफर आवाज मला मोठा वाटायला लागला. त्या शांततेत सासूबाईंचा आवाज आला, “अगं, ही तर कांजीवरम नेसलीय! आणि गजरा! कुंकू बघा केवढं लावलंय!” आणि पाठोपाठ त्यांचा निवाडा, “बसा सगळे. आपल्यातलीच आहे.”

मग ती गायला लागली. दणदणीत, खर्जातला, छातीतून येणारा आवाज. आपल्या कानांना बाईचा आवाज म्हणजे लताबाईंचा, फार तर आशाबाईंचा. हा आवाज तिसराच होता. बाहेर कुणी पुरुष म्हणाला, “बाई गातेय की बुवा?” हशा झाला. पण पुढच्या दोन मिनिटांत हसणारेच टाळ्यांचा ठेका धरायला लागले. ‘प्यारा दुश्मन’ या १९८० च्या चित्रपटातलं तिचं हरीच्या नावाचं गाणं त्या काळी घरोघर गाजत होतं. ते लागलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “नाचत का होईना, नाव तर देवाचं घेतेय.” आणि त्यांनी स्वतःचा पाट पुढे सरकवला!

मी ट्रे भरला आणि बाहेर आले. दारातच उभी राहिले. दोन डोक्यांच्या मधून मला पडदा दिसला, हातभर बांगड्या दिसल्या, माइक धरलेली मूठ दिसली. म्हटलं, एवढं एक कडवं होऊ दे. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, जरा बाजूला व्हा ना. दिसत नाही.”

माझ्याच घरात! म्हणणाऱ्याचा दोष नव्हता. मी मध्ये उभीच होते. मी वाकून कप दिले, रिकामा ट्रे घेतला आणि आत आले. दुसऱ्या पातेल्यातलं दूध वर येत होतं.

इथे मैत्रिणींनो, आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात एक होत्या पोस्टातल्या वहिनी. त्या पोस्टात नोकरी करायच्या म्हणून हे नाव, आजतागायत टिकलेलं. अबोल बाई. भोंडल्याला यायच्या, फेर धरायच्या, पण गाणं म्हणायच्या नाहीत. नुसते ओठ हलवायच्या. मंगळागौरीला उखाणासुद्धा इतक्या हळू घ्यायच्या की शेजारचीला ऐकू जाऊ नये. आम्हाला वाटे, लाजाळू आहेत.

त्या रात्री मी ओट्याशी उभी असताना त्या आत आल्या. म्हणाल्या, “कप द्या इकडे, मी विसळते.” मी म्हटलं, “अहो, तुम्ही बघा ना बाहेर.” तर म्हणाल्या, “इथून ऐकू येतं छान.” आणि मोरीशी बसून कप विसळू लागल्या. थोड्या वेळाने मला बाहेरच्या गाण्याबरोबर आतूनही गुणगुण ऐकू यायला लागली. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर थांबतील असं वाटलं.

गेल्या रविवारी, “मी कुठे पाहिला तो कार्यक्रम” असं मी म्हटल्यावर सगळ्या गप्प झाल्या तेव्हा पोस्टातल्या वहिनी बोलल्या. चाळीस वर्षांनी.

“मी त्या रात्री आत का आले ठाऊक आहे? मला रडू येत होतं. बाहेर सगळ्यांदेखत कसं रडायचं?”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा आवाज लहानपणापासून जाड. शाळेत प्रार्थनेला बाई म्हणायच्या, “तू म्हणू नको, नुसती उभी राहा.” लग्नासाठी बघायला मंडळी यायची तेव्हा मामीने बजावून ठेवलेलं, “विचारतील तेवढंच सांग. फार बोलू नको. आवाज पुरुषी आहे तुझा.” दोन ठिकाणी नकार आला, तोही म्हणे आवाजावरून. तिसऱ्या ठिकाणी त्या जवळजवळ बोलल्याच नाहीत, आणि लग्न ठरलं. “त्यानंतर मी तसंच बोलत राहिले ग,” त्या म्हणाल्या. “हळू. सवयच लागली. आणि त्या रात्री ती बाई माझ्याच आवाजात गात होती, आणि अख्खी खोली टाळ्या वाजवत होती.”

काय बोलायचं यावर? मास्तरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. नात मोबाइल खाली ठेवून आमच्याकडे बघत राहिली.

मग नातीनेच उषा उथुपची माहिती वाचून दाखवली, आणि ती ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. या उषाताई आपल्या मुंबईच्याच. जन्म नोव्हेंबर १९४७ चा. घर तमिळ, वडील मुंबई पोलिसांत, शाळा भायखळ्याची. आणि ऐका: शाळेत गाण्याच्या तासाला त्यांचा आवाज इतर मुलींच्या आवाजात बसत नाही म्हणून त्यांना बाजूला काढलं होतं! पण गाण्याच्या बाईंना मुलीच्या अंगात संगीत आहे हे कळलं होतं, म्हणून त्यांनी तिच्या हाती ताल धरायची छोटी वाद्यं दिली. गाण्याचं रीतसर शिक्षण त्यांनी कधी घेतलं नाही. १९६९ च्या सुमारास मद्रासच्या माउंट रोडवरच्या एका छोट्या क्लबात त्या गायला लागल्या, तेही साडी नेसून. तिथून कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या ट्रिंकाजमध्ये. जिथे लोकांना झगमगीत झगा बघायची सवय, तिथे ही कांजीवरम नेसलेली, गजरा माळलेली मुलगी इंग्रजी गाणी म्हणे. ‘हरे रामा हरे कृष्णा’ या १९७१ च्या चित्रपटात आशाबाईंच्या बरोबरीने त्यांचा आवाज आहे. तेव्हा त्यांचं नाव उषा अय्यर असं येई. पुढे मराठी, कोकणीसकट पंधरा-सोळा भारतीय भाषांतून त्या गायल्या.

सगळंच काही सोपं गेलं नाही. १९८३ च्या सुमारास पश्चिम बंगालमधल्या एका मंत्र्यांनी, जतीन चक्रवर्ती यांनी, त्यांच्या गाण्याला ‘अपसंस्कृती’ ठरवून सरकारी सभागृहांत त्यांचे कार्यक्रम होऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं. उषाताई रडत घरी बसल्या नाहीत. कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. म्हणजे पाहा, आमच्या उंबऱ्यावरची मंडळी जे कुजबुजत होती, तेच तिकडे एक मंत्री मोठ्याने बोलत होते. आणि या बाईने दोघांनाही एकच उत्तर दिलं: पुन्हा साडी नेसली, पुन्हा कुंकू लावलं, पुन्हा गायली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये पद्मभूषण.

मी मघाशी म्हटलं की मला चहा करण्याचं वाईट वाटत नसे. ते खरंच आहे. पण त्या रात्रीचा शेवट अजून सांगितला नाही.

बारा वाजले. सगळे एकमेकांना शुभेच्छा देत, चपला शोधत घरी गेले. मी चटया झटकत होते. सासूबाई टी.व्ही.ला कुलूप लावत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तू काही पाहिलं नाहीस.”

मी म्हटलं, “ऐकलं ना सगळं. आतून ऐकू येत होतं.”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझा जन्म गेला कीर्तन माजघरातून ऐकण्यात. बुवा दिसायला कसे होते ते मला आजही ठाऊक नाही.”

एवढंच. किल्ली कमरेला खोचली आणि झोपायला गेल्या.

मला वाटलं, म्हातारपणी सुचतं काहीबाही. पण पुढच्या रविवारी चित्रपटाला माणसं जमली, मी उठून पातेल्याकडे वळले, तर सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आज चहा सुरू होण्याआधी. सूनबाईने थर्मासमध्ये भरून ठेवलाय. ज्याला हवा त्याने उठून घ्यावा, आणि आपला कप आपण विसळावा. दार उघडल्यावर कुणी आत जायचं नाही.” आणि स्वतःच्या पाटाशेजारी चटईवर हात आपटून मला म्हणाल्या, “बस इथे.”

थर्मास घरात नव्हता. तो त्यांनी शेजारच्या काकूंकडून सकाळीच मागून आणला होता. मला पत्ताही नव्हता.

उंबऱ्यावरच्या मंडळींनी पहिल्या आठवड्यात चहाच घेतला नाही. दुसऱ्या आठवड्यात एकाने उठून घेतला. तिसऱ्या आठवड्यात आमचे हे ट्रे घेऊन फिरले. त्यांच्या कपांतला निम्मा चहा बशीत होता, पण कुणी हसलं नाही. पुढच्या एकतीस डिसेंबरला मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढच्या रांगेत होते, धाकटीला मांडीवर घेऊन. उषा उथुप त्या वर्षी आमच्या कार्यक्रमात आली नाही. मला त्याची चुटपुट लागली ती लागलीच. पण सासूबाईंच्या शेजारी बसून मी बारा वाजेपर्यंत टी.व्ही. पाहिला, ही गोष्ट माझ्या लेखी लहान नव्हती.

सासूबाई आता नाहीत. लाकडी पेटीचा टी.व्ही. १९९४ मध्ये भंगारवाल्याने नेला. क्रोशाचा रुमाल आहे.

आणि पोस्टातल्या वहिनी? त्या रात्रीनंतर वर्षभराने आमच्या भजनी मंडळात टाळ वाजवायला म्हणून आल्या. टाळावरून हळूहळू धृपदावर, धृपदावरून पुढे. आज आमच्या सगळ्यांचे बारीक गोड आवाज वयाने चिरकले आहेत. वरचा सूर लावायला गेलं की खोकला येतो. त्यांचा मात्र जसाच्या तसा आहे. एकादशीला त्याच आधी उचलतात आणि आम्ही मागे म्हणतो. हे सगळं त्या रात्रीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. नवऱ्याने कधी अडवलं नाही, नोकरीने थोडा धीर दिला, तेही आहेच. पण मोरीपाशी कप विसळता विसळता सुरू झालेली ती गुणगुण मी माझ्या कानांनी ऐकली आहे.

रविवारी जाताना नात त्यांना म्हणाली, “काकूआजी, एक म्हणा ना.” त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. बसल्या जागी अभंग उचलला. मी सवयीने चहा टाकायला उठत होते, तर मास्तरीणबाईंनी पदर धरून खाली बसवलं. चहा नातीने केला. साखर जास्त झाली होती. कुणी बोललं नाही.

आता जाता जाता नेहमीच्या कामाच्या गोष्टी.

घरी माणसं येणार असतील, क्रिकेटचा अंतिम सामना असो की गाण्याच्या स्पर्धेचा शेवटचा भाग, चहा आधी करून थर्मासमध्ये भरा. वीस छोट्या कपांसाठी एक लिटर दूध, सव्वा लिटर पाणी, दहा ते बारा चमचे पूड आणि सोसेल तशी पंधरा ते वीस चमचे साखर पुरते. आलं पाण्यातच चांगलं उकळून घ्या आणि मग दूध घाला. कच्चं आलं दुधात घातलं तर दूध नासण्याची भीती असते. थर्मास आधी कढत पाण्याने विसळून घ्यावा. चहा गाळून मगच भरावा, पूड आत राहिली तर तासाभरात कडवट होतो. सोबत पोहे-उपमा नको. चिवडा-शंकरपाळ्यांसारखं कोरडं काही ठेवा. आणि कप विसळायचं भांडं मोरीत नको, बाहेर ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला विसळण्याची आठवण राहते.

दुसरं, रेशमी साड्यांविषयी. कांजीवरम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली तर घडीवर चिरते. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, सावलीत तासभर वारा द्या, उन्हात घालू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. त्यापेक्षा लवंगांची किंवा वाळल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा. आणि साडी फाटलीच तर काठ टाकू नका. पिशवीला, उशीच्या अभ्र्याला, परकराला लावता येतो. उषा उथुप तर कांजीवरमचं कापड लावलेले बूट घालतात! साडीवर बूट, तेही साडीच्याच कापडाचे. म्हणजे पाय दुखत नाहीत आणि शोभाही जात नाही. आपल्या वयाला हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

तुमच्यापैकी कितीजणींनी आवडता कार्यक्रम स्वयंपाकघरातून नुसता ऐकला आहे? कोणता होता? आणि “बस इथे” असं तुम्हाला कुणी म्हटलं होतं का? जरूर लिहा. आलेल्या पत्रांविषयी पुढे कधीतरी सवडीने बोलूच.